एक क्लॉक, तीन सर्किटं: ऑसिलेटर वाटून घ्यायचा तर

ब्रेडबोर्डवर दोन एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर चिपा शेजारी शेजारी बसवल्या आहेत, दोघींना १६ मेगाहर्ट्झचा क्लॉक (चिप ज्याच्या ठोक्यावर चालते ती लहर) हवा आणि डबीत क्रिस्टल एकच उरलाय. अशा वेळी हात आपोआप वायरीकडे जातो. एका चिपचे ९ आणि १० नंबरचे पाय दुसरीच्या ९ आणि १० ला जोडले की काम झालं, असं वाटतं. मीही हेच केलं होतं. पहिली चिप चालली, दुसरी ढिम्म. सप्लाय काढून पुन्हा दिला तर दुसरी चालू, पहिली ढिम्म. क्रिस्टलजवळ बोट नेलं की दोन्ही सुरू व्हायच्या आणि बोट काढलं की पुन्हा रुसायच्या. अख्खा रविवार त्यात गेला. सोल्डरिंग, सप्लाय, कोड असं सगळं तपासून झाल्यावर उमगलं की मी वाटायला घेतलेली वस्तूच वाटण्याजोगी नव्हती.

त्या रविवारी कुणी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितो. ब्रेडबोर्डवर दोन-तीन मायक्रोकंट्रोलर चालवणारे आणि पहिलाच पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) काढायला बसलेले, अशा दोघांना ते उपयोगी पडावं.

आधी ठरवा: वाटायची खरंच गरज आहे का?

दोन बोर्ड सीरिअलवरून बोलणार आहेत म्हणून त्यांना एकच क्लॉक लागतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. यूएआरटी म्हणजे ही नेहमीची सीरिअल जोडणी; तिच्यात प्रत्येक बाइटच्या सुरुवातीला स्टार्ट बिट येतो आणि घेणारी बाजू तिथून नव्याने मोजायला लागते. त्यामुळे दोन्हीकडच्या क्लॉकमध्ये एखाद-दोन टक्के फरक असला तरी निभावतं. आयटूसी आणि एसपीआय या चिपा जोडायच्या दुसऱ्या दोन पद्धतींमध्ये क्लॉकची वेगळी तारच असते. तिथेही दोघांच्या मूळ ऑसिलेटरचा एकमेकांशी संबंध नसतो.

मग गरज कुठे पडते? दोन एडीसींनी (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या चिपांनी) अगदी एकाच क्षणी नमुना घ्यायचा असेल तिथे. ऑडिओमध्ये, जिथे कोडेक (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप) आणि प्रोसेसर एकाच १२.२८८ मेगाहर्ट्झच्या मास्टर क्लॉकवर चालतात (हा आकडा म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या २५६ पट). आरएमआयआय पद्धतीच्या इथरनेटमध्ये, जिथे प्रोसेसर आणि फिजिकल लेयरची, म्हणजे प्रत्यक्ष तारेवर सिग्नल सोडणारी, चिप या दोघांनाही तोच ५० मेगाहर्ट्झ लागतो आणि त्यात चूक ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० च्या) आत ठेवावी लागते. दोन रेडिओंची फेज जुळवायची असेल तिथेही. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्या सगळ्यांना मध्यवर्ती केंद्रातून ऑप्टिकल फायबरवरून एकच संदर्भ-सिग्नल पाठवला जातो, तेव्हा कुठे त्या सगळ्या मिळून एक दुर्बीण होतात.

तुमचं काम यात बसत नसेल तर प्रत्येक चिपला आपापला क्रिस्टल द्या आणि इथेच थांबा. दोन क्रिस्टल स्वस्त पडतात. सामायिक क्लॉक बंद पडला तर सगळंच बंद पडतं, हेही विसरू नका.

क्रिस्टल आणि ऑसिलेटर वेगवेगळे ओळखा

दोन पायांचा, चपट्या धातूच्या गोळीसारखा दिसतो तो क्रिस्टल. तो स्वतः काही निर्माण करत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या आत एक इन्व्हर्टर (घरातला नव्हे; सिग्नल उलटा करून देणारं छोटं सर्किट) असतो, बाहेर हा क्रिस्टल आणि दोन छोटे कपॅसिटर. तिघे मिळून ऑसिलेटर तयार होतो आणि क्रिस्टल हा त्याचा एक अवयव.

हा संसार किती नाजूक असतो ते आकड्यांत पाहा. क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये लोड कपॅसिटन्स (नेमक्या फ्रिक्वेन्सीसाठी क्रिस्टलला लागणारा कपॅसिटन्स) १८ पिकोफॅरॅड दिलाय समजा. दोन्ही कपॅसिटर सारखे घेतले तर क्रिस्टलला त्यांच्या निम्मी किंमत जाणवते आणि त्यात ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा) व पायांचे साधारण ५ पिकोफॅरॅड मिळतात. म्हणजे प्रत्येकी २६ हवेत. बाजारात २७ मिळतात, म्हणून ते लावायचे. आता या जागी दुसऱ्या चिपचे पाय जोडले की आणखी काही पिकोफॅरॅड वाढतात. वर ब्रेडबोर्डच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्येही दोन-चार पिकोफॅरॅड असतातच. भरीस भर म्हणजे दोन चिपांमधले दोन इन्व्हर्टर एकाच क्रिस्टलला आपापल्या परीने हलवायला बघतात. माझं बोट जवळ गेल्यावर सर्किट का चालायचं, याचं उत्तर इथे आहे: बोटानेही तोल बदलत होता.

चार पायांची डबी असते तो ऑसिलेटर. तिच्या आत क्रिस्टलही आहे आणि त्याला चालवणारं सर्किटही. सप्लाय दिला की एका पायावर तयार चौकोनी लहर मिळते. वाटायची ती ही लहर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसतं ‘सोळाचा क्रिस्टल’ मागितलात तर दोन पायांचाच हातात पडेल. ‘चार पायांचा, डबीवाला ऑसिलेटर’ असं सांगा आणि किती व्होल्टचा हवा तेही आधीच सांगा.

मोठ्या डबीचे पाय १४ पायांच्या आयसीप्रमाणे मोजतात: ७ म्हणजे ग्राउंड, ८ म्हणजे आउटपुट, १४ म्हणजे सप्लाय. डबीचे तीन कोपरे गोल असतात आणि चौथा टोकदार. तो टोकदार कोपरा पाय १ चा. काही डब्यांमध्ये पाय १ कशालाच जोडलेला नसतो, तर काहींमध्ये तो इनेबल असतो आणि ग्राउंडला गेला की आउटपुट बंद. डेटाशीट न बघता त्याला ग्राउंड करू नका. सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

फ्रिक्वेन्सी निवडताना भागाकार करून पाहा

सगळ्यांना एकच फ्रिक्वेन्सी हवी असेल तर हा भाग सोडून द्या. वेगवेगळ्या हव्या असतील तर सगळ्यांना भागून निघेल असा एक आकडा शोधायचा. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे १९८१ चा आयबीएम पीसी. त्यात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. त्याला ४ ने भागलं की ३.५८ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे अमेरिकन रंगीत टीव्हीला लागणारी कलर सिग्नलची फ्रिक्वेन्सी. ३ ने भागलं की ४.७७ मेगाहर्ट्झ. ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होता, तरी त्याला यावरच चालवला. १२ ने भागलं की १.१९३ मेगाहर्ट्झ, तो गेला टायमरला. टायमरने तो आणखी ६५,५३६ ने भागला आणि सेकंदाला १८.२ वेळा येणारी ती विचित्र टिक तयार झाली. डॉसच्या काळात प्रोग्रॅमिंग केलेल्या कुणालाही १८.२ हा आकडा विचारून बघा, लगेच ओळखेल.

भागाकार जमतच नसेल तर एसआय५३५१ए सारखी चिप घ्या. २५ किंवा २७ मेगाहर्ट्झच्या एका क्रिस्टलवरून ती तीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देते आणि त्या आयटूसीवरून ठरवता येतात. नवख्याने मात्र तिच्यावरून सिस्टिम क्लॉक घेताना एक विचार करावा: मायक्रोकंट्रोलर चालू झाल्याशिवाय ती चिप कोण सेट करणार? कोंबडी आधी की अंडं, अशातली गत होते.

भार मोजा

ऑसिलेटरच्या डेटाशीटमध्ये आउटपुट लोड दिलेला असतो, बहुतेक वेळा १५ पिकोफॅरॅड. सीमॉस, म्हणजे आजच्या बहुतेक चिपांच्या, इनपुटचा डीसी करंट नगण्य असतो, म्हणून ‘एका आउटपुटवर कितीही इनपुट लावा’ असं सर्रास म्हटलं जातं. क्लॉकच्या बाबतीत ते खरं नाही, कारण प्रत्येक उडीला सगळे इनपुट चार्ज आणि डिस्चार्ज करावे लागतात.

इनपुटमागे ५ पिकोफॅरॅड आणि ट्रॅकच्या दर सेंटीमीटरला १ पिकोफॅरॅड धरा. तीन इनपुट आणि १० सेंटीमीटर ट्रॅक म्हणजे २५ पिकोफॅरॅड झाले, मर्यादा १५ ची. सर्किट बहुधा चालेल, पण लहरीच्या कडा तिरप्या होतील. तिरपी कड सावकाश चढते आणि त्या चढणीवर थोडा नॉइज बसला तरी इनपुटला एकाऐवजी दोन उड्या दिसतात.

माझा नियम असा: दोन इनपुट आणि पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत थेट जोडा. त्यापुढे बफर (तोच सिग्नल जोर देऊन पुढे पाठवणारं सर्किट) लावा.

व्होल्टेज जुळतंय का?

नवख्यांची सर्किटं बहुतेक इथेच अडकतात. ३.३ व्होल्टचा ऑसिलेटर, चिप ५ व्होल्टवर. ‘३.३ म्हणजे हाय, पुरे झालं की’. पण ५ व्होल्टवर चालणाऱ्या एटीमेगा ३२८पीला तिच्या क्लॉक पायावर सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. तिच्या इतर पायांना ०.६ पट, म्हणजे ३ व्होल्ट पुरतात. म्हणून तोच सिग्नल दुसऱ्या पायावर दिला की नीट वाचला जातो आणि माणूस आणखीच बुचकळ्यात पडतो. शिवाय असं सर्किट टेबलावर चालतं आणि उन्हाळ्यात पेटीत बंद केल्यावर अडखळतं.

उपाय सोपा आहे. मध्ये ५ व्होल्टवर चालणारा ७४एचसीटी मालिकेतला बफर घाला. त्याला हाय म्हणून २ व्होल्ट पुरतात. ७४एचसी घेऊ नका, त्यालाही ३.५ च्या आसपास लागतात. एका अक्षराचा फरक आहे, पण दुकानात नेमकी तिथेच अदलाबदल होते. उलट दिशेला, म्हणजे ५ व्होल्टचा क्लॉक ३.३ च्या चिपला देताना, ती चिप ५ व्होल्ट सहन करते का हे आधी डेटाशीटमध्ये पाहा.

बफर आणि फांद्या

ढोल-ताशा पथक डोळ्यासमोर आणा. ताल ताशा देतो. रांग लांब असेल तर मागच्या ढोलापर्यंत ताशाचा आवाज उशिरा पोचतो: ३४ मीटरला सेकंदाचा दहावा हिस्सा. प्रत्येक वादक अचूक असला तरी एकत्र ऐकताना ताल फाटतो. बोर्डवर सिग्नल साधारण एका नॅनोसेकंदात १५ सेंटीमीटर जातो. दोन चिपांना क्लॉक मागेपुढे पोचतो त्या फरकाला स्क्यू म्हणतात.

१६ मेगाहर्ट्झला एक फेरी ६२.५ नॅनोसेकंदांची असते, त्यामुळे ट्रॅकच्या लांबीतला चार-पाच सेंटीमीटरचा फरक तिथे पचून जातो. ५० मेगाहर्ट्झच्या आरएमआयआयमध्ये फेरी २० नॅनोसेकंदांची आणि त्यातले ४ सेटअपला (क्लॉकच्या कडेआधी डेटा स्थिर हवा तो वेळ) व २ होल्डला (कडेनंतरचा तसाच वेळ) राखून ठेवलेले. तिथे हात सैल सोडता येत नाही.

ब्रेडबोर्डसाठी ७४एचसीटी२४४ पुरेसा आहे. त्यात आठ बफर असतात. ऑसिलेटरचं आउटपुट जितके बफर वापरायचे तितक्यांच्या इनपुटला द्या आणि प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आउटपुटवरून क्लॉक न्या. सगळ्या फांद्या एकाच आयसीतल्या घ्या. प्रत्येक बफरमध्ये काही नॅनोसेकंद जातात, पण एका आयसीतल्या बफरांना जवळपास सारखाच वेळ लागतो, तर दोन वेगळ्या आयसींची तशी खात्री नसते. एका फांदीत एक बफर आणि दुसरीत दोन, असं कधी करू नका. न वापरलेल्या बफरांचे इनपुट ग्राउंडला बांधा. पीसीबीवर वेगाचं काम असेल तर क्लॉक वाटण्यासाठीच बनवलेले एकास-चार बफर मिळतात, त्यांच्या आउटपुटमधला फरक पिकोसेकंदांत मोजतात.

आता एक छोटा रेझिस्टर, जो सगळ्यात जास्त वाचवतो. प्रत्येक फांदीच्या सुरुवातीला, बफरच्या पायापाशी, २२ ते ३३ ओहम मालिकेत लावा. ट्रॅकचा इम्पिडन्स (धावत्या लहरीला जाणवणारा रोध) साधारण ५० ओहम धरला आणि बफरचा आतला रोध २० च्या आसपास, तर ३३ घातल्यावर बेरीज जुळते. मग टोकावरून आपटून परत आलेली लहर इथे येऊन विरते. नाहीतर ती पुन्हा पुढे जाते, पुन्हा आपटते आणि स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) कडेच्या माथ्यावर शेपटीसारखी थरथर दिसते.

हाच रेझिस्टर फांद्या वेगळ्या का ठेवायच्या तेही सांगतो. एकाच तारेवर तीन चिपा एकामागोमाग लटकवल्या आणि सुरुवातीला रेझिस्टर लावला, तर तारेतून आधी निम्म्या उंचीची पायरी पुढे जाते. शेवटच्या चिपला ती परावर्तनासकट पूर्ण उंचीची मिळते. मधल्या चिपला मात्र परतीची लहर येईपर्यंत २.५ व्होल्टवर ताटकळावं लागतं, आणि २.५ म्हणजे ना धड हाय, ना धड लो. लहान बोर्डवर हे निभतं, लांब ट्रॅकवर निभत नाही.

क्लॉक थांबवायचा असेल तर मध्ये अँड गेट घालून तोडू नका. लहर अर्ध्यावर तुटते आणि त्या तुकड्याला चिप खरा क्लॉक समजते. चिपचा स्वतःचा इनेबल किंवा रिसेट वापरा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तिघांपैकी एका सर्किटचा सप्लाय बंद आणि क्लॉक मात्र चालू असेल, तर तो क्लॉक त्याच्या इनपुटच्या संरक्षक डायोडमधून आत शिरून चिपला अर्धवट जागी करतो. बंद बोर्डवरचा एलईडी मिणमिणताना दिसला तर भुताटकी समजू नका. त्या फांदीचा बफरही त्याच वेळी बंद होईल अशी सोय करा. ७४एचसीटी२४४ मध्ये चार-चारच्या दोन गटांना वेगळे इनेबल पाय असतात, ते इथे कामाला येतात.

मायक्रोकंट्रोलरला सांगा

बाहेरून क्लॉक येतोय हे चिपला कळवावं लागतं. एटीमेगा ३२८पीमध्ये फ्यूज, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंगचे बिट, असतात; त्यांतले सीकेएसईएलचे चारही बिट ० करा, क्लॉक पाय ९ ला द्या. पाय १० ला काही जोडू नका. एव्हीआरच्या (एटीमेगाच्या कुटुंबाच्या) फ्यूजमध्ये ० म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद, त्यामुळे डोकं उलटं चालवावं लागतं. फ्यूज बूटलोडरवरून बदलत नाहीत, आयएसपी प्रोग्रामर (चिपमध्ये थेट लिहिणारं उपकरण) लागतो. एखाद्या आर्डुइनो उनो बोर्डलाही प्रोग्रामर बनवता येतं.

क्रम महत्त्वाचा: आधी क्लॉक जोडा, मग फ्यूज बदला. उलटं केलंत तर चिपला क्लॉकच मिळत नाही आणि ती प्रोग्रामरलाही ओळख देत नाही. ती मेलेली नसते. उनोवर टायमर १ लावून बोर्डवर ९ लिहिलेल्या पायावर (चिपच्या पाय ९ वर नव्हे) ८ मेगाहर्ट्झ काढा, ते बेशुद्ध चिपच्या क्लॉक पायाला द्या, ग्राउंड जोडा आणि फ्यूज परत लिहा. मी अशा तीन चिपा कचऱ्यात टाकल्यानंतर हे शिकलो.

डबीवाला ऑसिलेटर मिळतच नसेल तर एक चिप मालक आणि बाकीच्या पाहुण्या, असंही करता येतं. मालक चिपला नेहमीसारखा क्रिस्टल द्या आणि तिचा सीकेआउट फ्यूज ० करा. तिचा सिस्टिम क्लॉक पाय १४ वर, म्हणजे उनोच्या ८ नंबरवर मिळतो. तो पाय इतर कामाला उरत नाही. मूळ उनो आर३ वर मुख्य चिपला क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, हे ध्यानात ठेवा. अर्धा टक्का चूक धरली तर घड्याळ दिवसाला सात मिनिटं चुकेल. ५० पीपीएमच्या क्रिस्टलचं तेच घड्याळ चार-साडेचार सेकंद चुकतं.

एसटीएम३२ वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: सेटिंगमध्ये एचएसई बायपास (बाहेरून तयार क्लॉक घ्यायची सोय) निवडा आणि क्लॉक ओएससी-इन पायाला द्या. एसटीएम३२ चा न्यूक्लिओ-६४ बोर्ड असेल तर ही सगळी युक्ती तुमच्या टेबलावर बहुधा आधीच मांडलेली आहे. बऱ्याच न्यूक्लिओंवर एसटी-लिंक ही प्रोग्रामरची चिप स्वतःचा ८ मेगाहर्ट्झ मुख्य चिपला पुरवते, आणि तिथे मुख्य क्रिस्टलची जागा त्यामुळेच रिकामी दिसते.

तपासणी

स्कोप असेल तर प्रोब १०एक्सवर ठेवा आणि ग्राउंडची लांब शेपटी काढून छोटी स्प्रिंग लावा. नाहीतर दिसणारी थरथर सर्किटची की प्रोबची, हे कळणार नाही. घेणाऱ्या चिपच्या पायावर मोजा, बफरपाशी नको. क्रिस्टलच्या पायावर तर प्रोब लावूच नका, प्रोबचे दहा-पंधरा पिकोफॅरॅडच त्याला थांबवायला पुरतात.

स्कोप नसेल तर साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून क्लॉकच्या तारेला लावा. ५ व्होल्टची लहर अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली असेल तर आकडा २.५ च्या आसपास येतो. ० किंवा ५ आला तर क्लॉक अडकलाय.

शेवटची चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते आणि तिला दोन एलईडींखेरीज काही लागत नाही. दोन्ही चिपांमध्ये एकच प्रोग्रॅम टाका: टायमरवर मोजून अर्धा सेकंद दिवा चालू, अर्धा सेकंद बंद. दोघींचे रिसेट पाय जोडून एकदम सोडा. वेगवेगळ्या क्रिस्टलवर असताना ५० पीपीएमचा फरक असला तर सुमारे पावणेतीन तासांत दिवे बरोबर उलटे लागायला लागतात: एक चालू तेव्हा दुसरा बंद. एकाच क्लॉकवर ते रात्रभर एकत्र लुकलुकले पाहिजेत. सुरुवातीला किंचित मागेपुढे असले आणि सकाळीही तेवढेच असले तर सगळं ठीक. फरक वाढत गेला, तर ज्या चिपचा दिवा पुढे पळतोय तिला एका उडीच्या दोन उड्या दिसताहेत. तिच्या फांदीतला ३३ चा रेझिस्टर बदलून ४७ लावा, ग्राउंडची तार आखूड करा आणि पुन्हा एक रात्र जाऊ द्या.